घटक क्रमांक चार

मृण्मयीचं लग्न झालं ते साल दोन हजार सदतीस. तांबेवडगावात अजूनही ते साल लग्नापेक्षा वरातीवरून सांगतात. अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ होती. बँडवाल्यांनी ताल चढवला आणि नवरीचे वडील दिगंबर ढोबळे, एसटी आगारातले निवृत्त मेकॅनिक, वय पासष्ट, डोक्याला रुमाल बांधून नाचायला उतरले. दोन गिरक्या झकास झाल्या. तिसरीला ते छातीवर हात ठेवून भर रस्त्यात मांडी घालून बसले. लोकांना वाटलं, हा नाचाचाच प्रकार आहे. पोरांनी शिट्ट्या मारल्या, एकानं दहाची नोट ओवाळली. त्यांच्या बायकोनं, चारुशीलाबाईंनी मात्र नवऱ्याच्या ओठांचा रंग पाहिला, हातातलं ताट विहीणबाईंच्या हातात कोंबलं आणि त्या गर्दीत घुसल्या.

दिगंबरराव वाचले. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय धडधाकट आहे, ताल चुकतोय.

"म्हणजे इंजिन बरंय, टायमिंग गेलंय," दिगंबरराव म्हणाले.

"अगदी तसंच. त्यासाठी औषध आहे. पण फार अरुंद वाटेचं. कमी पडलं तर ताल पुन्हा चुकणार, जास्त झालं तर हृदयच थांबणार. रोज ठरल्या वेळी तीन गोळ्या. एकही चुकवायची नाही आणि एकही दोनदा घ्यायची नाही."

डॉक्टरांना काय ठाऊक, दिगंबररावांना स्वतःचा चष्मा कपाळावर आहे हेही रोज सांगावं लागे. दीड महिन्यात ते दोनदा दवाखान्यात जाऊन आले. एकदा गोळी विसरले म्हणून आणि एकदा विसरली असं वाटून दोन घेतल्या म्हणून. चारुशीलाबाई रात्रंदिवस त्यांच्या मागे. भाजीला गेल्या तरी जीव घरात. मुलीला फोनवर म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांभाळणं म्हणजे दहावीच्या वर्गावर एकटीनं पर्यवेक्षण करण्यासारखं आहे गं."

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास गावात गिरणी आली.

सरकारी पाटीवर तिचं नाव लांबलचक होतं, 'व्यक्तिगत औषध मिश्रण केंद्र'. पण लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिला गिरणी करून टाकलं. पिठाच्या गिरणीसारखंच नंबर लावायचा, आपलं सांगायचं आणि आपलं घेऊन जायचं. आत कपाटाएवढं पांढरं यंत्र होतं. त्याच्या वरच्या बाजूला पुडींची सात नळकांडी बसवलेली, पहिल्यात निरनिराळ्या औषधांचे कप्पे. माणसानं बोट पुढं करायचं, नळीत फुंकर घालायची. यंत्र रक्ताचा थेंब आणि श्वास तपासून त्या एका माणसासाठी एक गोळी दाबून बाहेर टाकायचं. दुसऱ्या कोणालाही ती चालणार नाही.

यंत्र चालवायला नेमली होती रेश्मा वाघमोडे. चारुशीलाबाईंनी एकतीस वर्षं गावातल्या विद्यालयात विज्ञान शिकवलं, त्यातल्याच एका तुकडीतली ही मुलगी. आता अडतिशीची, दोन लेकरांची आई. पदरात डी.फार्मसी आणि आवाजात पूर्वीसारखाच खणखणीतपणा.

"बाई! तुम्ही रांगेत काय उभ्या? आत या की."

"रांग मोडायला मी शिकवलं होतं का तुला?"

"नाही, पण रांगेत चिमटे काढायला शिकले तुमच्याच वर्गात," रेश्मा हसली. मग दिगंबररावांकडे वळून म्हणाली, "काका, बोट द्या. ढोबळे नाव असलं तरी माप काटेकोर मिळेल."

"माझ्याआधी कोणाचं दळलंस?" दिगंबररावांनी बोट मागं घेत विचारलं. "गिरणीत आधीच्याचं पीठ थोडं येतंच. बाजरीवर गहू दळलेला मला चालत नाही."

"आधी कोंडाबाई खिलारे होत्या, बांगडीवाल्या. त्यांचं थोडं आलं तरी काय, दोन काकणं भराल."

बाहेरच्या रांगेनं हसून घेतलं. दिगंबररावांच्या हातात एक कागदी पाकीट आलं आणि त्यात बोराएवढी गुलाबी गोळी. आठवड्याला एक. गावचा बाजार गुरुवारी, म्हणून सगळ्यांनी गोळीचाही वार गुरुवारच धरला.

घरी आल्यावर दिगंबररावांनी ती गोळी पंधरा मिनिटं नुसती निरखली. सात दिवसांचं औषध एका गोळीत, हे त्यांच्या गळी उतरेना.

"मग हे सगळं आज दुपारीच का नाही भिनत?" त्यांनी विचारलं.

चारुशीलाबाईंना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. कोणी प्रश्न विचारला की त्यांना बरं वाटायचं. त्या पाकीट घेऊन समोर बसल्या.

"हे बघा. भेळ हेही मिश्रण आणि ही गोळीही मिश्रणच. पण भेळेत चुरमुरे थोडे इकडे, थोडे तिकडे, काही बिघडत नाही. गोळी म्हणजे योजलेलं मिश्रण. त्यात काय काय, किती आणि कशासाठी घालायचं हे सगळं आधी ठरवलेलं असतं. पाकिटावर लिहिलंय. एक नंबर औषध. दोन नंबर चिकटवण, म्हणजे गोळीचा भुगा होत नाही. तीन नंबरच्या पुडीनं ती साच्यातून अलगद सुटते. चार नंबर जाळीची पूड. पाच चव, सहा गोडी, सात रंग."

"जाळीची पूड म्हणजे?"

"तीच तर खरी गंमत. ही पूड पोटात गेली की फुगते आणि तिची जाळी होते. लिंबाएवढी. मग ती पोटातून पुढे सरकत नाही, आठवडाभर तिथंच राहते. औषध त्या जाळीच्या आत अडकलेलं. रोज थोडं थोडं झिरपतं. आठव्या दिवशी जाळी आपोआप विरते. जाळी किती दाट हवी ते प्रत्येकाच्या पोटावर आणि रक्तावर अवलंबून. तेच तर यंत्र मोजतं."

दिगंबररावांनी डोळे बारीक केले. "म्हणजे ग्रीस!"

"काय?"

"अगं, ग्रीस म्हणजे काय असतं? तेल आणि साबण. साबणाच्या जाळीत तेल धरून ठेवलेलं असतं. बेअरिंग फिरेल तसं थोडं थोडं सुटतं. साबण नसेल तर तेल एका फेऱ्यात वाहून जाईल आणि गाडी नगरच्या आधी बसेल."

"बरोबर."

"मग हे पाकिटावर असं का छापलंय?" त्यांनी बोट ठेवलं. एक नंबरासमोर छापलं होतं, क्रियाशील घटक. दोनपासून सातपर्यंत सगळ्यांना मिळून एकच मथळा, निष्क्रिय घटक.

"ती पद्धत आहे. रोगावर जो काम करतो तो क्रियाशील. बाकीचे रोगावर काही करत नाहीत, म्हणून निष्क्रिय. माझी ओळच होती ना वर्गात. क्रियाशील गाळी घाम, निष्क्रिय करी आराम."

ही ओळ चारुशीलाबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी रचली होती. परीक्षेला एक मार्काचा प्रश्न यायचा आणि मुलं हमखास चुकायची. ओळ रचली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत तो मार्क पोचला. पुढे जिल्ह्याच्या शिबिरात त्यांनी ती म्हणून दाखवली, टाळ्या पडल्या आणि शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत ती छापून आली. खाली त्यांचं नावही होतं. ती प्रत त्यांनी जपून ठेवली होती.

"पण साबण आराम कुठं करतो?" दिगंबरराव म्हणाले. "सगळा भार तर त्याच्यावर."

"परीक्षेत असंच लिहितात हो."

"असं होय. मग बरोबरच असणार," असं म्हणून त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं, हे सांगायलाच हवं. गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या नव्हत्या. चारुशीलाबाई दोन दिवस मुलीकडे राहून आल्या, स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच एकट्या. दिगंबरराव सकाळी देवळापर्यंत चालायला लागले, आगारातल्या जुन्या मित्रांबरोबर पत्ते खेळायला लागले. बायकोला ते वर्गातल्या मुलांसारखं 'बाई' म्हणायचे. "बाई, मी पाणी प्यायला जाऊ?" असं करंगळी वर करून विचारायचे आणि ती चिडली की खूश व्हायचे. दोघांचं वय झालं होतं, पण घरात पुन्हा थट्टा आली होती.

गिरणीला माल शहरातून यायचा आणि तो वेळेवर यायचा नाही. दुसऱ्या वर्षीच्या आषाढात पहिल्यांदा रंग संपला. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली, 'निष्क्रिय घटक क्र. ७ अपुरा. वगळून पुढे जायचे? होय / नाही.'

रेश्मानं बाहेर येऊन वरिष्ठांना फोन लावला, कोणी उचलेना. रांगेत चाळीस माणसं. चारुशीलाबाई नवऱ्याबरोबर तिथंच होत्या.

"बाई, तुम्हीच सांगा. सात नंबर संपलाय. वगळू का?"

"सात म्हणजे रंगच ना?"

"हो. निष्क्रियमध्येच दाखवतंय."

"मग वगळ की. रंगानं काय हृदय चालतं? निष्क्रिय करी आराम!"

"करी आराम!" रेश्मानं ओळ पुरी केली आणि होय दाबलं. त्या दिवशी सगळ्यांना पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. कोणाला काही झालं नाही. नंतर गोडी संपली, चव संपली. रेश्मा होय दाबत गेली. आता ती कोणाला विचारत नव्हती. विचारायचं ते एकदा विचारून झालं होतं.

अठरा नोव्हेंबरचा गुरुवार. दिगंबरराव बाजारातून मेथी, मुळे आणि गोळी घेऊन आले. जेवायला बसण्याआधी त्यांनी गोळी घेतली आणि बायकोला स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हणाले, "सुधारणा झाली बरं का तुमच्या विज्ञानात! आजची गोळी हरभऱ्याएवढीच. घशातून सुळकन गेली."

चारुशीलाबाईंचा हात भाकरीवर थांबला.

"केवढी म्हणालात?"

"हरभऱ्याएवढी."

"पाकीट कुठंय?"

"टाकलं की."

त्यांनी केराचा डबा जमिनीवर उपडा केला. मुळ्याच्या पाल्यातून पाकीट काढलं, चष्मा लावला. घटक एक, एकशे चाळीस मिलिग्रॅम. दोन, तीन होते. चार नंबरासमोर आकडा नव्हता, एक आडवी रेघ होती.

काय झालं ते त्यांना त्या क्षणी कळलं. आठवड्याचं औषध पोटात पडलं होतं आणि त्याला धरून ठेवायला आत काहीही नव्हतं.

"उठा. घशात बोटं घाला. ओका आधी."

"अगं पण..."

"ओका म्हणते ना!"

मोरीत दिगंबररावांनी प्रयत्न केला. थोडं पाणी पडलं, गोळी दिसली नाही. गिळून दहा-बारा मिनिटं झाली होती. शेजारच्या बाळू तांबोळीनं रिक्षा काढली. तालुका बावीस किलोमीटर. रिक्षात बसताना चारुशीलाबाईंनी रेश्माला तीनदा फोन लावला. तो वाजत राहिला. यंत्राजवळ फोन न्यायचा नाही असा नियम होता. रेश्मा कामाच्या वेळी फोन बाहेरच्या कपाटात ठेवायची. नियम पाळण्यात ती पहिल्यापासून पक्की होती.

रिक्षा बाजाराच्या तोंडाशी आली तेव्हा दिगंबरराव म्हणाले, "थांबव रे."

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"मला काही होत नाहीय अजून. बाकीच्यांचं काय? माझ्या एकट्यासाठी तिनं गिरणी चालू केली नव्हती. उतर तू."

"मी तुम्हाला सोडून उतरू?"

"बाळू आहे ना. तू येऊन काय करणार, रिक्षा ढकलणार? उतर, बाई. वर्ग तुझा आहे."

त्या उतरल्या. रिक्षा गेली. धुळीतून त्यांना नवऱ्याचा हात दिसला. तो कठड्याला घट्ट धरलेला होता.

पुढे कितीतरी दिवस चारुशीलाबाई स्वतःला विचारत राहिल्या की त्या नवऱ्यानं सांगितलं म्हणून उतरल्या की त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं धैर्य नव्हतं म्हणून.

गिरणीत रांग संपत आली होती.

"यंत्र बंद कर, रेश्मा. चार नंबर वगळलास?"

"हो बाई. सकाळीच संपला. निष्क्रियमध्येच..." रेश्मा बोलता बोलता थांबली. समोरच्या चेहऱ्याकडे बघून तिच्या हातातलं पाकीट खाली पडलं. "का? काय असतं चार नंबर?"

"औषध धरून ठेवणारी जाळी. किती गोळ्या दिल्यास चार नंबरशिवाय?"

रेश्मानं नोंद बघितली. बोटानं एकेक नाव मोजलं. "तेवीस."

कांद्याच्या लिलावाचा भोंगा चालू होता. चारुशीलाबाईंनी अडत्याच्या हातातून माईक हिसकावून घेतला. एकतीस वर्षं वर्गावर चालवलेला आवाज होता तो. आज गिरणीतून गोळी घेतलेल्यांनी गोळी तोंडात घालू नये, घेऊन इकडे यावं, असं त्या ओरडत राहिल्या आणि रेश्मा यादी घेऊन दुकानादुकानांतून पळत राहिली. लोक आले. एक म्हातारा मात्र मूठ उघडेना.

"माझ्या नंबराची आहे. दोन तास उभा होतो. का देऊ?"

"आजोबा, ती खाल्ली तर मराल."

"आणि नाही खाल्ली तर? हप्ता कसा काढू?"

चारुशीलाबाईंनी म्हाताऱ्याची बोटं एकेक करून उघडली.

वीस गोळ्या परत आल्या. तिघांनी घेतल्या होत्या. रमजान आतार यांनी घेतल्या घेतल्या उलटी केली, ते वाचले. कोंडाबाई खिलारे आपल्या बांगड्यांच्या दुकानात, भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर एक मुलगी हात पुढं करून ताटकळली होती. "मावशी, झोप लागली का?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

आणि तिसरे दिगंबरराव.

तालुक्याला पोचेपर्यंत त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला बावीसवर आले होते. डॉक्टरांनी बाहेरून विजेचे झटके देऊन हृदय चालू ठेवलं. ते चाललं, पण ठोके स्थिरावेपर्यंतच्या दोन तासांत बाकीच्या शरीराला रक्त पुरलं नव्हतं. मूत्रपिंडं बसली. तिसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले, बोलू लागले. डॉक्टरांनी चारुशीलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, आशा ठेवा, पण फार नको.

"किती गोळ्या परत आणल्यास?" हा दिगंबररावांचा पहिला प्रश्न.

"वीस."

"वीस. शाब्बास, बाई." त्यांनी डोळे मिटले. "त्या पोरीनं असं कसं केलं गं? एवढी हुशार पोरगी."

चारुशीलाबाई चमच्यानं पाणी पाजत राहिल्या.

चौकशी पंचायतीच्या सभागृहात बसली. अधिकारी कुलथे नावाचे, शांत आणि नीटनेटके. रेश्मा समोर उभी होती. तिचा नवरा आला नव्हता.

"पडद्यावर प्रश्न आला होता?"

"हो साहेब."

"वगळून पुढे जायचे का, असा?"

"हो."

"तुम्ही होय दाबलंत?"

"हो."

"का?"

रेश्मानं एकदा चारुशीलाबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. "चूक झाली साहेब."

चारुशीलाबाई उठल्या. "साहेब, तिनं मला विचारलं होतं. आषाढात. मी सांगितलं, निष्क्रिय आहे, वगळ. मीच तिला आठवीत शिकवलं की निष्क्रिय घटक आराम करतात."

"तुम्हाला तिनं चार नंबरबद्दल विचारलं होतं?"

"नाही. सात नंबरबद्दल."

"मग?"

"मग काय साहेब? तिला वाटलं सगळे निष्क्रिय सारखेच. मी तसंच शिकवलं. आणि तुमच्या पडद्यावरही तसंच लिहिलंय. रंग आणि जाळी एकाच नावाखाली. जी पूड माणसाचा जीव धरून ठेवते तिला तुम्ही निष्क्रिय म्हणता आणि वगळायचं का म्हणून विचारता. हा कसला प्रश्न?"

"तो शब्द आमचा नाही. कायद्यातला आहे," कुलथे सौम्यपणे म्हणाले. "ज्यानं रोग बरा होत नाही, तो निष्क्रिय. जगभर असंच आहे. आणि बाई, तुम्ही केंद्राच्या कर्मचारी आहात का?"

"नाही."

"मग तुमचं म्हणणं मला नोंदवता येत नाही. चालकानं कोणाला विचारावं हे नियमात आहे. निवृत्त शिक्षक त्यात नाहीत."

"बाईंचं नाव नका घेऊ साहेब," रेश्मा म्हणाली. "बोट माझं होतं."

बाहेर आल्यावर चारुशीलाबाईंनी तिचा हात धरला. रेश्मानं तो हळूच सोडवला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"बाई, त्या दिवशी पडद्यावर चार आलं तेव्हा मी खरंच क्षणभर थांबले होते. मग ती ओळ आठवली आणि मला हसू आलं. मी हसत हसत होय दाबलं, बाई."

त्याच दिवशी तिला निलंबनाचा कागद मिळाला आणि दोन दिवसांनी पोलीस आले. बाजारात लोक म्हणायला लागले, बाईमाणसानं यंत्राला हात लावला की असंच व्हायचं. कोणी म्हणालं, पैसे खाल्ले असतील, पूड विकली असेल. चारुशीलाबाई ज्याला त्याला सांगत फिरल्या की तसं नाही, चूक माझी आहे. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुमचं मन मोठं आहे, बाई."

त्यांचं कोणी खरं मानेना. एक माणूस मानेल, हे त्यांना माहीत होतं. त्यालाच सांगायची हिंमत होत नव्हती.

सातव्या दिवशी, बुधवारी दुपारी, दिगंबरराव पुन्हा रेश्माबद्दल बोलले. "तिला सोडू नये," ते म्हणाले. "कोंडाबाई काय वयाची होती? अठ्ठावन्न. तिनं कोणाचं काय वाईट केलं होतं?"

चारुशीलाबाईंनी पेला खाली ठेवला. तेव्हा गप्प बसता आलं असतं. डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस नाहीत. मुलगी म्हणाली होती, "आई, बाबांना काही सांगू नकोस. शांत जाऊ दे." पण ज्या पोरीनं त्यांचं नाव घेतलं नाही तिला हा माणूस शिव्या देत मरणार, हे त्यांना सोसवेना. त्यांनी सगळं सांगितलं. आषाढातला दिवस, रांग, सात नंबर, ओळ.

दिगंबरराव ऐकत होते.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. "साबण आराम कुठं करतो म्हणून."

"हो."

"तुला कळलं होतं तेव्हा. मी बरोबर होतो हे."

"हो. कळलं होतं."

"मग बदलली का नाहीस ती ओळ?"

चारुशीलाबाईंना पुष्कळ सांगता आलं असतं. निवृत्त झाले होते, पुस्तक मी लिहिलं नव्हतं, परीक्षेत तसंच येतं. त्यांनी खरं ते सांगितलं.

"माझ्या नावानं छापून आली होती हो."

दिगंबररावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ते चार दिवस होते. नर्सशी बोलले, मृण्मयीशी बोलले, बाळू तांबोळी आला तर त्याच्या रिक्षाच्या क्लचबद्दलही दोन शब्द बोलले. बायको उशाशी बसलेली असायची. पाणी पाजलं तर प्यायचे, कूस बदलली तर बदलू द्यायचे. तिच्याशी बोलले नाहीत. ती विनवायची, रडायची, एकदा तर करंगळी वर करून उभी राहिली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या गुरुवारी गिरणी पुन्हा सुरू झाली, दुसऱ्या गावचा चालक आणून. रांग नेहमीपेक्षा मोठी होती, कारण आठवडाभर कोणाकडे गोळी नव्हती. पडद्यावरचा शब्द तोच होता. बदलायचा तर राजधानीतून बदलावा लागणार होता.

चारुशीलाबाईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून शाळांना फोन लावले, मार्गदर्शिका जिथं जिथं गेली होती त्या शाळांना. ती ओळ शिकवू नका, एवढंच सांगायचं होतं. पाचव्या की सहाव्या फोनवर एक तरुण शिक्षिका भेटली, फार आदरानं बोलली.

"बाई, तुम्हीच का त्या! अहो, आमच्याकडे तर मुलांनी तिला चाल लावलीय. त्या एका प्रश्नाला वर्गच्या वर्ग पैकीच्या पैकी. ती कशाला काढायची?"

चारुशीलाबाईंनी कारण सांगितलं.

"अरेरे. वाईट झालं," ती म्हणाली. "पण पेपरात अजून तसंच विचारतात ना, बाई."

चारुशीलाबाईंनी उरलेले फोन केले नाहीत.

रेश्मा वाघमोडे हिला पुढे न्यायालयानं निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा दिली. निकालपत्रात चारुशीला ढोबळे हे नाव कुठंही नाही.

कोंडाबाई खिलारे, वय अठ्ठावन्न, अठरा नोव्हेंबर दोन हजार अडतीस रोजी दुपारी एकच्या सुमारास आपल्या दुकानात वारल्या. दिगंबर ढोबळे, वय सहासष्ट, एकोणतीस नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी आठ वाजता तालुक्याच्या दवाखान्यात वारले.